एमएसमध्ये नैराश्य ओळखायचं कसं: दोन प्रश्न, नऊ ओळी आणि त्यानंतरचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझ्या धाकट्या बहिणीला चार वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण दाहाने खराब करणारा आजार) आहे. दर वेळी ओपीडीत डोळे, चालणं, एमआरआय सगळं बघतात, पण मन कसं आहे हे कोणी विचारत नाही. ती दिवसभर पडून असते. विचारलं तर म्हणते, ‘थकवा आहे.’ हा आजाराचा थकवा की डिप्रेशन? त्यासाठी काही टेस्ट असते का? आणि ती सगळ्यांचीच करावी की जे रडतात, खचलेले दिसतात त्यांचीच?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. सगळ्यांची करावी. जो रडतो त्याच्याकडे घरच्यांचंही लक्ष जातं आणि डॉक्टरांचंही. निसटतात ते हसून ‘बरं चाललंय’ म्हणणारे, आणि तुमच्या बहिणीसारखे ‘थकवा आहे’ एवढंच सांगून कूस बदलणारे. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझं बरंचसं काम न्यूरॉलॉजीकडून आलेल्या रुग्णांसोबत चालतं. एमएसचे जे रुग्ण माझ्यापर्यंत उशिरा पोचतात, त्यातले बहुतेक गप्प राहणारेच असतात.

आधी या गोष्टीचं प्रमाण लक्षात घ्या. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला, त्यात एमएस असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के आणि चिंतेचं सुमारे २२ टक्के निघालं. कॅनडातल्या एका मोठ्या लोकसंख्या-पाहणीत, गेल्या वर्षभरात गंभीर नैराश्य येऊन गेलेल्यांचं प्रमाण एमएस असलेल्यांत १६ टक्क्यांच्या आसपास होतं, इतरांत सातच्या घरात. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि आयुष्यभरात कधी ना कधी नैराश्य गाठतं असे रुग्ण साधारण निम्मे. ज्या आजारात दर तिसऱ्या माणसाला एखादी गोष्ट होते, तिथे ती आहे का हे विचारायला रुग्णाच्या रडण्याची वाट बघायची नसते.

“एवढं सगळं झाल्यावर कोणीही खचेलच ना!” हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकते आणि डॉक्टरांकडूनही. त्यात माया आहे, पण उपचार तिथेच थांबतात. खचणं समजण्यासारखं आहे म्हणून ते उपचाराशिवाय सोडून द्यायचं, असं आपण पाय मोडलेल्या माणसाच्या दुखण्याबाबत म्हणत नाही. शिवाय एमएसमधलं नैराश्य हे केवळ दुःख नव्हे. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलामागच्या भागांत चट्टे असणं, तिथली झीज होणं आणि नैराश्य यांचा संबंध एमआरआयच्या अभ्यासांत दिसलेला आहे. आजारातला दाहसुद्धा मनःस्थिती ढासळवू शकतो. निदान होण्याच्या काही वर्षं आधीपासूनच या रुग्णांच्या मानसिक तक्रारींसाठीच्या डॉक्टरभेटी इतरांपेक्षा जास्त असतात, असंही नोंदींवरून दिसलं आहे. आजाराचं नावसुद्धा माहीत नसताना त्या आजाराचं दुःख कसं होईल?

गंमत म्हणजे वैद्यकशास्त्राने एकेकाळी नेमकं उलटं मानलं होतं. लंडनमध्ये कॉट्रेल आणि किनियर विल्सन या दोघांनी १९२६ साली शंभर रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात बहुतेक रुग्ण अंगातल्या व्याधीशी न जुळणारे, विलक्षण खुशीत आणि निश्चिंत असल्याचं त्यांनी लिहिलं. ‘एमएसचा रुग्ण आनंदी असतो’ हा समज त्यातून बरीच वर्षं टिकला. मेंदूची बरीच हानी झालेल्या थोड्या रुग्णांत अशी पोकळ खुशी खरंच दिसते. बाकीच्यांचं हसणं बहुधा समोरच्याला बरं वाटावं म्हणूनच असतं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. भारतात एमएस कमी आढळतो असं शिकवलं जातं. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात प्रमाण जास्त असल्याचं १९८०-९०च्या सुमाराच्या पाहण्यांत, लाखामागे वीस-पंचवीस असं, दिसलं होतं. पण सर्वसाधारण डॉक्टरच्या डोक्यात हा आजार पटकन येत नाही. मुंग्या येतात, तोल जातो, एक डोळा धूसर होतो, मग आपोआप बरं वाटतं. अशा तरुण मुलीला एमआरआय होईपर्यंत ‘टेन्शन घेतेस’, ‘लग्न झालं की बरं वाटेल’, ‘मानसिक आहे’ हे सगळं ऐकून झालेलं असतं. पुढे निदान होतं आणि तिला एकदाचं सुटल्यासारखं वाटतं, की बघा, मी खोटं बोलत नव्हते. त्याच मुलीला आपण सहा महिन्यांनी विचारतो, ‘उदास वाटतं का?’ तिच्या कानावर काय पडतं? ‘पुन्हा मानसिक!’ ती नाही म्हणून मोकळी होते.

म्हणून प्रश्नाच्या आधी एक वाक्य लागतं. मी असं म्हणते: “हा आजार मेंदूचा आहे, आणि मेंदूच मन सांभाळतो. त्यामुळे एमएस असलेल्या प्रत्येकाला आम्ही हे प्रश्न विचारतो, जसं प्रत्येकाला लघवीचं विचारतो.” लघवीचा उल्लेख मुद्दाम करते. त्याने विषय नेहमीच्या तपासणीत येऊन बसतो.

आता चाचणी. रक्ताची किंवा स्कॅनची अशी कुठलीही चाचणी नाही. जे आहे ते प्रश्नच, फक्त नीट पारखलेले. सगळ्यात छोटी चाळणी दोन प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश, हताश वाटण्याचा त्रास झाला का? आणि गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पुढची चौकशी करायची. २००७ साली अमेरिकेत एमएसच्या रुग्णांवर हे दोन प्रश्न पारखले गेले, तेव्हा गंभीर नैराश्य असलेले जवळजवळ सगळेच त्यात सापडले. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१४च्या मार्गदर्शिकेतही हे दोन प्रश्न आणि बेकची नैराश्य-प्रश्नावली यांचा चाळणीसाठी विचार करावा असं म्हटलं आहे. शिफारस सौम्य भाषेत आहे, कारण पुरावा थोडा आहे. पण दोन प्रश्नांना एक मिनिटही लागत नाही.

‘हो’ आलं की मी पीएचक्यू-९ घेते. नऊ ओळी असतात: रस नसणं, उदासपणा, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयी वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येक ओळीला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त आले तर नैराश्याची शक्यता धरून नीट मुलाखत घ्यायची असा सर्वसाधारण दंडक आहे. ही प्रश्नावली फुकट आहे, मराठीत मिळते, आणि तालुक्याच्या दवाखान्यातही छापून ठेवता येते. बेकची प्रश्नावली आणि हॅड्स नावाची आणखी एक प्रश्नावली चांगल्या आहेत, पण त्यांचे हक्क राखीव असल्याने पैसे मोजावे लागतात. आपल्याकडच्या ओपीडीत हे कारण लहान नाही.

इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाची गाठ आहे. नऊ ओळींतल्या किमान चार अशा आहेत की एमएसमुळेही तिथे गुण पडतात. थकवा तर बहुसंख्य रुग्णांना असतोच. झोप रात्री दोनदा लघवीला उठल्याने किंवा पायात गोळे आल्याने मोडते. लक्ष लागत नाही, कारण एमएसमध्ये विचारांचा वेगच मंदावतो. आणि हालचाल मंद असण्याबद्दल काय बोलावं! मग अशा माणसाचे बारा गुण हे नैराश्याचे की एमएसचे?

यावर दोन टोकाची मतं आहेत. पहिलं मत म्हणतं, शरीराच्या ओळी काढूनच टाका. त्यासाठी बेकच्या प्रश्नावलीचं सात प्रश्नांचं छोटं रूप आहे. त्यात थकवा, झोप, भूक नाहीतच. हॅड्समध्येही, म्हणजे १९८३ साली खास रुग्णालयातल्या रुग्णांसाठी केलेल्या चौदा प्रश्नांच्या तक्त्यात, शारीरिक लक्षणं जवळपास टाळली आहेत. टोरांटोमध्ये २००९ साली एमएसच्या रुग्णांवर हॅड्स पारखला गेला. नैराश्याच्या भागात आठ गुणांची रेषा धरली तर गंभीर नैराश्य असलेले ९० टक्के सापडले आणि नसलेले ८७ टक्के बरोबर वगळले गेले.

दुसरं मत म्हणतं, काही काढू नका. त्यालाही आधार आहे. कॅनडात पीएचक्यू-९मधून थकव्याची आणि लक्ष न लागण्याची ओळ वगळून पाहिली, तर निकालात सांगण्यासारखा फरक पडला नाही. आणि नैराश्याचे उपचार दिल्यावर एमएसच्या रुग्णांचे ‘शारीरिक’ ओळींतले गुणही उतरतात असं दिसलं आहे. म्हणजे त्या थकव्यात नैराश्याचाही वाटा होता.

माझं मत विचाराल तर बेरजेवर भांडू नये. पीएचक्यू-९ घ्यावी, बेरीज कागदावर लिहावी आणि मग ओळी वाचाव्यात. बारा गुण थकवा, झोप, लक्ष आणि मंदपणा या चारच ओळींतून आले असतील आणि पहिल्या दोन ओळी कोऱ्या असतील, तर मी आधी मूत्राशय, पायातले गोळे, झोप आणि औषधांची वेळ बघते. तेच बारा गुण ‘रस नाही’, ‘उदास वाटतं’, ‘मी घरावर ओझं आहे’ आणि ‘नसते तर बरं’ यांतून आले असतील, तर वाट बघण्यात अर्थ नाही. आणि एखाद्याचे सातच गुण असले, पण त्यातले तीन शेवटच्या ओळीतले असले, तर त्या दिवशी तो माणूस तसाच घरी जाता कामा नये.

थकवा आणि नैराश्य वेगळं करायला मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न कुठल्याच तक्त्यात नाही: “अंगात ताकद असती, तर काय केलं असतंत?” एमएसने थकलेला माणूस लगेच सांगतो. भाजी आणायला गेले असते, मुलाला शाळेत सोडलं असतं, गणपतीत गावी गेले असते. इच्छा जिवंत असते, अंग साथ देत नाही, आणि त्याचा राग येतो. नैराश्यात या प्रश्नाला उत्तरच येत नाही. ‘काय करणार?’ किंवा ‘माहीत नाही’ म्हणून डोळे खाली जातात. ताकद मिळूनही जावंसं वाटेल अशी जागा उरलेली नसते.

आणखी काही खुणा आहेत. एमएसचा थकवा बहुधा दिवस चढत जातो तसा वाढतो आणि उकाड्यात बळावतो. गरम पाण्याने अंघोळ केली, एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर पडलं की नजर धूसर होते, पाय जड होतात. या प्रकाराला उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाचं नाव आहे. १८९०पासून तो माहीत आहे. थोडी विश्रांती, थंड पाणी, पंखा यांनी त्यात फरक पडतो. नैराश्याची मरगळ बऱ्याचदा सकाळी सर्वांत जड असते, आणि झोप पूर्ण झाली तरी हटत नाही. पहाटे तीन-चारला जाग येऊन छातीत धस्स होणं, आधी आवडणाऱ्या माणसांचे फोन न उचलणं, जुन्या चुका उगाळत बसणं, हे थकव्यात बसत नाही. अर्थात दोन्ही एकाच माणसात असू शकतं, आणि बहुतेक वेळा असतंच. ‘हे की ते’ या हट्टाने पुष्कळ वेळ वाया जातो.

रडण्याबद्दलही सांगायला हवं. एमएसच्या साधारण दर दहातल्या एका रुग्णाला रडू किंवा हसू आवरत नाही, आणि त्यामागे तेवढं दुःख वा आनंद नसतो. टीव्हीवर जाहिरात बघून ओक्साबोक्शी रडू येतं, मिनिटभरात थांबतं, आणि माणूस ओशाळून म्हणतो, “अहो, मला वाईट काहीच वाटत नव्हतं.” भावना व्यक्त होण्यावरचा मेंदूचा लगाम सैल झाल्याने हे होतं. त्याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. त्याचे उपचार वेगळे आहेत, आणि घरच्यांना हे नीट समजावून सांगितलं तरी निम्मा ताण उतरतो. म्हणून रडण्यावरून नैराश्य ठरवू नका, न रडण्यावरून तर मुळीच नको.

आता एक छोटं गणित, कारण ‘टेस्ट पॉझिटिव्ह आली’ हे ऐकून लोक हादरतात. समजा एमएसचे शंभर रुग्ण आहेत आणि त्यातल्या वीस जणांना खरंच नैराश्य आहे. वर सांगितलेली टोरांटोची चाळणी लावली, तर वीसपैकी अठरा सापडतील, दोन सुटतील. उरलेल्या ऐंशीपैकी दहाएक जण नैराश्य नसताना अडकतील. म्हणजे अठ्ठावीस जण ‘पॉझिटिव्ह’, त्यातले खरे अठरा. दर तीनपैकी एक चुकीचा. म्हणून गुण बघून थेट गोळ्या लिहिणं मला पसंत नाही. चाळणीने फक्त एवढं ठरतं की कोणासोबत अर्धा तास बसायचं. निदान त्या अर्ध्या तासात होतं. आणि ज्या रेषा मी सांगितल्या त्या परदेशी दवाखान्यांत आखलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवून आकडा थोडा सैल हातानेच धरावा.

त्या अर्ध्या तासात काय बघायचं ते थोडक्यात. थायरॉइड आणि बी-१२ तपासावं. एमएसच्या काही औषधांनी थायरॉइड बिघडतो, अॅलेमटुझुमॅबने तर वरचेवर, आणि मंदावलेला थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. औषधांची यादी वाचावी. रिलॅप्ससाठी, म्हणजे आजार पुन्हा उसळल्यावर, शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, क्वचित माणूस अतिउत्साहात जातो आणि नंतर कोसळतो. त्यामुळे स्टेरॉइडच्या त्या तीन-पाच दिवसांत काढलेले गुण मी निदानासाठी धरत नाही, चार-सहा आठवड्यांनी पुन्हा घेते. मरणाचे विचार मात्र तेव्हाही विचारतेच. एमएसवरच्या बीटा-इंटरफेरॉन या औषधाने नैराश्य येतं, अशी सुरुवातीला फार भीती होती. पुढच्या अभ्यासांत नैराश्याशी त्याचा ठाम संबंध दिसला नाही, पण औषधासोबतच्या कागदावर इशारा अजून आहे, म्हणून पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांवर जरा जास्त लक्ष ठेवावं. मिरगीच्या औषधांपैकी लेव्हेटिरासिटॅमने कित्येक जण तिरसट होतात. आणि एक प्रश्न कधीही वगळू नये: पूर्वी कधी झोप न घेताही भरपूर उत्साह, बडबड, पैशांची उधळपट्टी असे दिवस आले होते का? एमएसमध्ये बायपोलर आजारही इतरांपेक्षा जास्त दिसतो, आणि तिथे नुसती नैराश्याची गोळी देणं धोक्याचं.

कोण विचारतो आणि कोणासमोर विचारतो, यावर उत्तर किती बदलतं हे सांगून पटत नाही. आपल्या ओपीडीत रुग्णासोबत नवरा असतो, सासू असते, कधी शेजारीणही. त्यांच्यादेखत कुठली सून ‘मला जगावंसं वाटत नाही’ म्हणेल? कित्येक घरांत तर आजाराचं नावच सासरी सांगितलेलं नसतं. मी नातेवाइकांना प्रेमाने फाइल करायला किंवा औषधं आणायला पाठवते. फॉर्म नातेवाइकांनी वाचून भरू नये. एमएसमध्ये नजर अधू असते, हात थरथरतो, म्हणून मदत लागतेच. ती नर्सने किंवा समुपदेशकाने करावी. ज्यांची स्मरणशक्ती उतरली आहे त्यांना ‘गेले दोन आठवडे’ हा काळ नीट पकडता येत नाही. त्यांच्यासाठी एखादी खूण द्यावी, संकष्टीपासून, पगार झाल्यापासून, असं काहीतरी. अशा रुग्णांबाबत घरच्यांना वेगळं बोलावून विचारणंही आवश्यक आहे.

किती वेळा? निदानाच्या वेळी, त्यानंतर दर भेटीला दोन प्रश्न, आणि वर्षातून एकदा पूर्ण तक्ता, असं मी सुचवते. निदानानंतरचं पहिलं वर्ष, नवा रिलॅप्स, नोकरी सुटणं, काठीवरून व्हीलचेअरवर येणं, लग्न मोडणं, बाळंतपणानंतरचे महिने, या वेळी ठरलेल्या तारखेची वाट बघू नये.

पीएचक्यू-९च्या शेवटच्या ओळीविषयी, म्हणजे मरणाच्या विचारांविषयी, मोकळेपणाने बोलू या. एमएसमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा साधारण दुप्पट आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींतही असंच दिसलं, आणि निदानानंतरच्या पहिल्या वर्षात तो आणखी जास्त होता. विचारल्याने विचार डोक्यात येतो ही भीती निराधार आहे. उलट विचारल्यावर बहुतेक रुग्ण सुस्कारा टाकतात. शब्द साधे ठेवावेत: “कधी कधी माणसाला वाटतं, यापेक्षा डोळे मिटलेले बरे. तुमच्या मनात असं येतं का?” हो म्हणाले तर पुढे: किती वेळा, काही ठरवलं आहे का, आधी कधी असं केलं होतं का, आणि कशामुळे थांबलात. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा बराच उपचार उभा राहतो. विचार ठाम असतील, काही ठरवलेलं असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय. तोवर माणसाला एकटं ठेवायचं नाही, आणि घरातला औषधांचा सगळा साठा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायचा. एमएसच्या घरात गोळ्यांचे डबे भरलेले असतात, हे विसरून चालत नाही. ‘टेली-मानस’ची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

चाळणीलाच विरोध करणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. कॅनडाच्या प्रतिबंधक आरोग्य कार्यगटाने २०१३ साली सांगितलं की नैराश्यासाठी सरसकट चाळणी नको, जास्त धोका असलेल्यांतही नको, कारण नुसत्या चाळणीने रुग्णांचं भलं होतं याचा पुरावा पुरेसा नाही. अमेरिकेच्या कार्यगटाने २००२ सालीच चाळणीची शिफारस केली होती, पण अट घालून: अचूक निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची सोय असेल तिथेच. माझ्या मते खरा मुद्दा त्या अटीत आहे. गुण काढले, फाइलला लावले, आणि रुग्ण तसाच घरी गेला, तर ती चाळणी करण्यापेक्षा न केलेली बरी. मनातलं उघड करूनही पदरी काहीच आलं नाही, असं तरी रुग्णाचं होत नाही. ज्या न्यूरॉलॉजिस्टना मी हे सुरू करायला सांगते, त्यांना तक्त्याआधी एक नाव आणि फोन नंबर ठरवायला सांगते: गुण जास्त आले तर कोणाकडे, किती दिवसांत. छोट्या गावात हा पत्ता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा असू शकतो. आणि सहा-आठ आठवड्यांनी तोच तक्ता पुन्हा. दुसरा आकडा नसेल तर पहिल्याचा फारसा उपयोग नाही.

उपचार होतात का? होतात. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत एमएसमध्ये तपासली गेली आहे, अगदी फोनवरूनही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सोळा आठवड्यांच्या फोनवरच्या सीबीटीने नैराश्य कमी झालं. ज्याला जिना उतरणं हेच एक काम आहे, त्याच्यासाठी ही मोठी सोय. गोळ्यांचे एमएसमधले स्वतंत्र अभ्यास थोडेच आहेत, पण व्यवहारात आम्ही त्या वापरतो आणि अनेकांना फायदा होतो. निवड मात्र एमएस बघून करायची. नसांच्या जळजळीसोबत नैराश्य असेल तर ड्युलोक्सेटिन दोन्हीकडे उपयोगी पडतं. अॅमिट्रिप्टिलिनने रात्रीची झोप आणि लघवीची घाई सुधारते, पण लघवी तुंबत असेल, बद्धकोष्ठ असेल, विसरायला होत असेल तर ते नको. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी लैंगिक त्रास वाढू शकतो. एमएसमध्ये तो आधीच असतो, आणि डॉक्टरने काढल्याशिवाय रुग्ण तो विषय काढत नाही. एमएसचं फिंगोलिमॉड हे औषध चालू असताना नैराश्याचं सिटॅलोप्रॅम द्यायचं तर हृदयाच्या ठोक्यांचा विचार आधी. जमेल तेवढा व्यायामही औषधाइतक्याच गांभीर्याने लिहून द्यावा, पण सकाळच्या गारव्यात. पैशांची, नोकरीची चिंता मोठी असेल तर नुसत्या गोळीने ती जात नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे, तो दाखला काढण्याचं कामही मी उपचारातच धरते. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाचं मुख्यालय मुंबईत आहे; तिथल्या रुग्णगटांत ‘मला पण असं होतं’ हे ऐकायला मिळतं, ते माझ्या खोलीत मिळत नाही.

आता तुमच्या बहिणीचं. तुम्ही तिचे डॉक्टर होऊ नका. पण एखाद्या निवांत सकाळी, तिला बरं वाटत असताना, घरात इतर कोणी नसताना, ते दोन प्रश्न सहज विचारा, आणि ‘ताकद असती तर काय केलं असतंस’ हेही. ‘मला नाही वाटत काही’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधीच चिठ्ठी द्या: किती आठवड्यांपासून पडून आहे, काय काय सोडलं आहे, झोप कशी आहे, कुठली औषधं कधी सुरू झाली, घरात पूर्वी कोणाला नैराश्य होतं का. ओपीडीच्या पाच मिनिटांत अशी चिठ्ठी वाचली जाते, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आणि पीएचक्यू-९ तिथेच करून घ्यायचा आग्रह धरा, तुम्ही बाहेर बसून. ती मरणाची भाषा बोलली, वस्तू वाटून टाकायला लागली किंवा निरवानिरवीचं बोलू लागली, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा.